पानांवर अडलेला पाऊस

उज्जैनच्या क्षिप्रेत 2014 पासून जोडयोजनेतून नर्मदेचं पाणी येतं. ही नर्मदा उगम पावते अमरकंटकला, मैकल डोंगरातल्या सालवृक्षांच्या रानात. अशा रानात प्रत्येक थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही. पानं आणि फांद्या मिळून साधारण एक-दोन मिलिमीटर पाऊस धरून ठेवतात. हलकी सर बहुतेक वरच अडते आणि वाफ होऊन परत जाते. मुसळधार पावसाचा बराचसा भाग मात्र खाली उतरतो. जगभरच्या जंगलांत वर्षाच्या पावसापैकी साधारण 10 ते 40 टक्के असा वरच्यावर उडून जातो.

नवल म्हणजे, याला ऊन लागतंच असं नाही. उंचसखल शेंड्यांवरून वारा घुसळत जातो, दमट हवा दूर सारतो, आणि वाफेला लागणारी उष्णता हवेतूनच मिळते. डोंगरावर वारा जास्त, म्हणून ढगाळ दिवशी, अगदी रात्रीसुद्धा हे चालू राहतं.

मग झाडं पाणी खातात, असं म्हणायचं? मला ते अन्यायाचं वाटतं. तीच झाडं पालापाचोळ्यातून, मुळांच्या वाटांनी पाणी जमिनीत मुरवतात, माती धरून ठेवतात. इंदूरजवळ क्षिप्रेच्या उगमटेकड्यांवर झाडं लावताना दोन्ही बाजू मोजायला हव्यात. एक पर्जन्यमापक उघड्यावर ठेवावा, बरेचसे झाडांखाली. दोन्हींतल्या फरकातून खोडावरून ओघळलेलं पाणी वजा केलं, की पानांनी हवेला परत केलेला पाऊस कळतो.