एका दिवसात समुद्र



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला पत्र धाडले तेव्हा विषयाच्या जागी 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असे लिहिले होते. मी त्यांना म्हणालो, या विषयावर मी रोज बोलतो आणि ऐकणारेही रोज तेच असतात. एकदा मला सहलीवर बोलू द्या. ते हसले. सहल हा काय व्याख्यानाचा विषय आहे, असे त्यांच्या मनात आले असणार. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत सर्व काही बोलले गेले आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. तेव्हा वेदान्त मला झेपणार नाही. पण एका सहलीचा हिशेब मी तुम्हांला देऊ शकतो, आणि तो हिशेब मला अजून पुरता जुळलेला नाही.

गोष्ट २०१९ सालच्या जानेवारीतली. बाजारातले हमाल, मापाडी, माल निवडणाऱ्या बाया, असे आम्ही त्रेचाळीसजण एका खाजगी बसने मुरूड-जंजिऱ्याला गेलो आणि परत आलो. एका दिवसात. एका दिवसात का, असे कोणी विचारील. मुक्काम केला तर दुसऱ्या दिवसाचा खाडा पडतो. ज्याची मजुरी गोणीवर आहे त्याला पगारी रजा ही ऐकून माहीत असलेली वस्तू. कारखाना कायद्याने १९४८ साली वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली, पण ती कारखान्याच्या फाटकाच्या आत. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी सुटी कायद्याने मिळाली आणि हजारो मजुरांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आमच्याकडे लिलाव नसलेला एक दिवस होता. त्यात समुद्र बसवायचा होता.

आमच्या या एका दिवसाच्या मागेही एक माणूस आहे, त्याचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटी नव्हती. या गृहस्थाने १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळविली. आज रविवारी उशिरापर्यंत लोळणाऱ्यांपैकी कितीजणांना हे नाव ठाऊक असते? असो. सहलीचा धंदाही मुळात गरिबांसाठीच निघाला बरे का. विलायतेत टॉमस कुक नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे माणसांना शिलिंगभर भाड्यात लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेले, ते दारूबंदीच्या सभेला. पुढे त्याच्याच नावाची कंपनी राजेरजवाड्यांना जगभर हिंडवू लागली.

तर आम्ही रात्री दोन वाजता निघालो. आळेफाटा, ओतूर, माळशेज. घाटात अंधार, गाडीत अर्धी माणसे झोपलेली, अर्धी भजने म्हणणारी. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला केबिनमध्ये बसलो होतो, कारण वाट दाखविणारा आणि माहिती सांगणारा असा दुहेरी हुद्दा मंडळींनी मला बहाल केला होता. हातात कर्णा होता. उजाडल्यावर मी त्याचा पुरेपूर उपयोग केला, इतका की मागून कोणीतरी "अण्णा, आता जरा दम घ्या" असे ओरडले.

पण मी काय सांगत होतो ते तुम्हांलाही सांगतो, कारण ते आपल्या तालुक्याचे आहे. आपल्याला वाटते समुद्र कोकणातला, आपण घाटावरचे. नाणेघाटाच्या माथ्यापासून पश्चिम समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तरी आपली कुकडी तिथेच उगम पावते, समुद्राकडे पाठ फिरवते, आणि घोड, भीमा, कृष्णा अशी सारा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी पूर्वेला गेले, पण माणसे आणि माल पश्चिमेला गेला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख त्या घाटातल्या लेण्यात कोरला गेला. यज्ञ किती केले, दक्षिणा किती दिली, याचे आकडे त्यात आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल त्या घाटाने जुन्नरला चढत असे. माथ्यावर दगडी रांजण आहे; जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. राणीने दक्षिणेचा हिशेब कोरून ठेवला. घाट चढून ओझे आणणाऱ्याला काय मिळाले ते मात्र कोणी कोरले नाही. हमालांच्या गाडीत हे वाक्य बरेच गाजले, हे मी नम्रपणे नमूद करतो.

आणि दुसरा माणूस, जो उलट वाटेने आला. रेवदंड्याजवळचे चौल हे जुने बंदर. तिथे पंधराव्या शतकात, १४७० च्या सुमारास, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला. बरोबर विकायला एक घोडा. चौलहून तो पायी निघाला तो थेट आपल्या जुन्नरला आला. वाटेत त्याला तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. पावसाळाभर तो जुन्नरला अडकून पडला. चिखल आणि पाऊस यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना मला आपल्या ओळखीच्या आषाढाची आठवण झाली. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, असे सांगितले. परमुलखात एकटा माणूस, चार दिवसांची मुदत. एका मुसलमान सद्गृहस्थाने मध्ये पडून त्याला सोडविले आणि घोडाही परत मिळवून दिला. या प्रवासावर १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियनांच्या भागीदारीत 'परदेसी' हा बोलपट काढला. रेवदंड्याला निकितीनचे स्मारक आहे. ज्या वाटेला त्याला तीन आठवड्यांहून अधिक लागले तिला आम्ही सात-आठ तास घेतले, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. त्या अभिमानाचे पुढे काय झाले ते येईलच.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लईचा किल्ला, आणि पायथ्याला एक गाव, जिथे ख्रिस्ती घरांतून अजून पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणाची एक निराळीच बोली बोलतात. पुढे काशीद. सकाळचे साडेनऊ वाजले होते. त्रेचाळीसांपैकी निम्म्यांहून अधिकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मला वाटले होते, आरडाओरडा होईल. झाला नाही. गाडीतून उतरून सारी माणसे सुरूच्या झाडांखाली नुसती उभी राहिली. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर मावशी, सत्तरीच्या, पुढे गेल्या, पाय भिजविण्याआधी वाकून पाण्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग मला म्हणाल्या, "भाऊ, एवढं पाणी, अन् आमच्या पोरीला दिलीय तिथं टँकर." यावर कर्ण्यातून सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात गेलो. तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, ही त्या बांधणीची करामत. होडीतच एक स्थानिक वाटाड्या मिळाला, त्याने कलालबांगडी तोफ दाखविली, खाऱ्या पाण्याच्या पोटातले गोड्या पाण्याचे तलाव दाखविले, आणि समुद्राखालून गेलेल्या भुयाराचीही गोष्ट सांगितली. ती मी ऐकली. मानलीच असे नाही. शिवाजी महाराजांना हा किल्ला घेता आला नाही. त्यांनी समोर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात सेतू घालण्याचा घाट घातला, तोही तडीस गेला नाही. सिद्द्यांचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. पण आमच्या मंडळींना सर्वांत आवडली ती लाय पाटील या कोळ्याची कथा. त्याने रात्री होड्या नेऊन तटाला शिड्या लावल्या, पण मागून यायची फौज वेळेवर आली नाही. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, तर तो म्हणाला की दर्यात वावरणाऱ्याला पालखी काय करायची. तेव्हा महाराजांनी त्याला पालखी नावाचे गलबतच करून दिले, असे सांगितले जाते. ओझी वाहणाऱ्यांना ही कथा का आवडावी, हे मी सांगायला नको.

सूर्यास्त रेवदंड्याला पाहिला. इथवर सारे छान झाले. साडेसहाला परत निघालो.

पेण, पनवेल, कल्याण, वाहनांची ही गर्दी. गाडी मुरबाडच्या रस्त्याला लागली तेव्हा अकरा वाजून गेले होते. मागे सारी झोपलेली. रायत्याचा पूल ओलांडल्यावर मला जाणवले की गाडी हळूहळू डावीकडे सरकते आहे. मी ड्रायव्हरकडे पाहिले. डोळे उघडे होते, पण ते पाहत नव्हते. मी खांद्याला हात लावून "दादा!" म्हणालो, तसा तो दचकला, गाडी खडीवरून पुन्हा रस्त्यावर आली. मागे कोणाला काही कळलेदेखील नाही.

मी त्याला विचारले, "काल कुठे होतात?"

"शिर्डी करून आलो अण्णा. रात्री नऊला. तीन-चार तास पाठ टेकली, अन् मग तुमची गाडी."

"दुसरा माणूस का नाही?"

"मालक म्हणले, पार्टीनं एकाचेच पैसे धरलेत."

पार्टी म्हणजे आम्ही. अधिक नेमके सांगायचे तर मी. बसमालकाशी घासाघीस मी केली होती. माणशी दर खाली आणला म्हणून मंडळींनी माझे कौतुकही केले होते. त्या दरात काय काय कापले गेले ते मी विचारले नाही. मालकानेही सांगितले नाही. तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या कामाचे तास मोजत आलो. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा मला तोंडपाठ होता : दिवसाला आठ तास; लांब पल्ल्यावर परवानगीने वाढविले तरी दहाच्या पुढे नाही; पाच तासांनंतर अर्धा तास विसावा; सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा सारा पसारा बारा तासांत. पाचांहून कमी माणसे ठेवणाऱ्या मालकाला तो आपोआप लागू नव्हता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक त्या फटीतूनच निसटत. पुढे २०२० सालच्या संहितेत हा कायदा सामावला गेला. पण त्या रात्री मी हिशेब केला तो असा : हा माणूस एकवीस तासांहून अधिक वेळ कामावर होता, आणि कामगार संघटनेचा एक पदाधिकारी त्याच्या शेजारी बसून कर्ण्यातून हमालांच्या कष्टांवर बोलत होता.

मुरबाडला चहाच्या टपरीपाशी गाडी थांबविली. पुढे माळशेज होता. मी जाहीर केले की दोन तास ड्रायव्हर झोपेल, मग निघू. झोपलेली मंडळी जागी झाली आणि माझ्यावर तुटून पडली. सकाळी लिलाव होता. पाचला हजर झाले नाही तर टोळीत दुसरी माणसे उभी राहतात. "त्याला चहा पाजा, तोंडावर पाणी मारा, निघू द्या," एकजण म्हणाला. "आपला खाडा तुम्ही भरून देणार का?" दुसऱ्याने विचारले. आणि खरे सांगतो, मी डगमगलो. कारण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ड्रायव्हरसुद्धा म्हणत होता, "अण्णा, नेतो मी, सवय आहे." मालकाला उशीर कळला तर त्याचेच पैसे कापले जाणार होते.

तेव्हा त्या सत्तरीच्या मावशी उठल्या. त्यांनी आपली चादर मागच्या लांब बाकावर अंथरली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "माझा थोरला ट्रकवर असतो. नीज बाबा इथं." आणि स्वतः खाली उतरून टपरीच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. मग कोणी बोलले नाही. म्हणजे राजी झाले असे नव्हे. नुसते बोलले नाहीत.

पावणेदोनला निघालो, चारच्या सुमारास पोचलो. घरी जाऊन पाचला बाजार गाठणे काहींना जमले. सहाजणांचा खाडा पडला. त्यांतले दोघे मला अजून सहलीवरून टोमणे मारतात.

आयर्लंडात नोकरीस असलेल्या आपल्या भागातल्या एका मुलाशी पुढे मी याविषयी बोललो. तिथे डब्लिनहून सकाळी निघून पश्चिम किनाऱ्यावरचे मोहरचे कडे पाहून रात्री परतणाऱ्या बसगाड्या असतात. दोनशे मीटरांहून उंच कडे, खाली अटलांटिक. आपल्या नाणेघाटाचा कडा त्याहून उंच आहे, फक्त खाली समुद्र नाही. तोही त्या सहलीला गेला होता. त्याची तक्रार एकच : मध्ये उगाच पाऊण तास थांबवून ठेवले. मी हसलो. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास गाडी हाकल्यावर पाऊण तास विसावा घ्यावाच लागतो, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. आणि गाडीतले यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवते. त्या मुलाला उगाच वाटलेली पाऊण तासाची ती वेळ कोणीतरी भांडून मिळविलेली आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तिथला ड्रायव्हरच वाटाड्याचेही काम करतो, कर्ण्यावर बोलतो, हे ऐकून मला थोडे वाईट वाटले. आमच्या गाडीत त्या माणसाला दिवसभर कोणी एक शब्द विचारला नव्हता. त्याने जंजिरा पाहिलाही नाही. आम्ही होडीत असताना तो गाडीखाली सतरंजी टाकून पडला होता, आणि त्याच्या उन्हातल्या त्या तासाला मी तेव्हा विश्रांती समजलो होतो.

पुढच्या वर्षी सहल ठरविताना मी मालकाला दोन ड्रायव्हर लेखी मागितले. माणशी सत्तर रुपये वाढले. यादीतून नऊ नावे गळाली. ती का गळाली हे मला ठाऊक आहे, आणि त्यांना मी दोष देत नाही; सत्तर रुपये म्हणजे किती गोण्या, हे तेही जाणतात आणि मीही. त्या नऊ जागा कशा भराव्यात यावर आमच्या कचेरीत दोन बैठका झाल्या. कोणी म्हणाले संघटनेच्या निधीतून द्या, कोणी म्हणाले निधी संपाच्या दिवसांसाठी आहे, मौजेसाठी नाही. दुसऱ्या बैठकीत मतदान घेतले. निधीच्या बाजूने अकरा, विरुद्ध अकरा. अध्यक्ष म्हणून निर्णायक मत माझे होते, आणि मी ते निधीच्या बाजूने टाकले. ज्यांनी विरुद्ध मत दिले तेही आज या मंडपात बसलेले मला दिसत आहेत. व्याख्यानानंतर ते माझी वाट पाहत असतील, म्हणून मी इथेच थांबतो.