वानरांच्या कोर्टात माणूस

संक्रांतीनंतर ठाण्यात टेंभी नाक्यावरून तलावपाळीकडे जाताना जरा मान वर करून झाडांकडे बघा. फांद्यांत अडकलेला नायलॉनचा मांजा उन्हात चमकतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली, तरी मिळतो. घार त्यात अडकली की सुटायला पंख मारते, आणि जितके मारते तितका दोरा सांध्यात रुतत जातो.

आपल्याला वाईट वाटतं. पण ते वाटतं गच्चीवरून, फिरकी आपल्याच हातात असताना. विचार करायला लावणारे विज्ञानपट मला आवडतात ते यासाठी, की ते गच्चीवरून खाली उतरवतात.

१९६८ चा ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ घ्या. चार्लटन हेस्टनने रंगवलेला अंतराळवीर टेलर वानरांच्या राज्यात येऊन पडतो आणि गळ्याला गोळी लागून त्याची वाचा जाते. झालं, तेवढं पुरतं! बोलत नाही म्हणजे अक्कल नाही. मग गळ्यात पट्टा, पिंजरा, अंगावर पाण्याचा फवारा. खच्ची करण्याचाही हुकूम सुटतो. एका साथीदाराच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होते. दुसरा संग्रहालयात पेंढा भरून उभा! मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी आपण पोरांना कौतुकाने दाखवतो. या प्रसंगानंतर ते कौतुक घशात अडकतं.

पुढे कोर्ट भरतं. वानरांच्या कायद्यात माणसाला हक्कच नाहीत, तेव्हा त्याचं ऐकायचं कशाला? आपण हसतो. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पाठपुराव्यातून १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. छळाच्या पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे दहा ते पन्नास रुपये. नाक्यावर तेवढ्यात दोन वडापाव येतील. बैलगाडा शर्यतींचा वाद मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाली काढला. शर्यती राहिल्या, जनावरांना मूलभूत हक्क द्यायचे का, हे न्यायालयाने कायदेमंडळावर सोडलं. गाडामालकांची माया मी खोटी मानत नाही, बैलाचा खुराक ते पोटच्या पोरासारखा सांभाळतात. पण त्या खटल्यात बैलाच्या वतीने दोन्हीकडून माणसंच बोलली.

पुन्हा सिनेमाकडे येऊ. याच मालिकेतल्या २०११ च्या ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’मध्ये एकही खरा वानर नव्हता. अँडी सर्किसच्या अभिनयावरून संगणकाने सीझर हा वानरनायक उभा केला. छळाची गोष्ट सांगताना छळ टाळला, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९६८ मध्येही वानर म्हणजे मुखवट्यातले नटच होते. घोडे मात्र खरे. गोरिला त्यांच्यावर बसून माणसांची शिकार करतात आणि आपली नजर पळणाऱ्या माणसांवरून हलत नाही. शेवटी टेलर निसटतो, नोव्हा या मुक्या सोबतिणीला बरोबर घेऊन समुद्राकाठाने निघतो, तोही घोड्यावरूनच. नुकता पिंजऱ्यातून सुटलेला हा माणूस, पण घोड्यावर मांड ठोकताना त्याच्या मनात काही येत नाही.