आपल्या कपात काय आहे? घरच्या घरी ग्लेझ तयार करताना

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी लोणच्याची चिनी मातीची बरणी असेल. खाली पांढरी, वर तपकिरी. तिच्यात वर्षभर मीठ असतं, कैरीचा आंबटपणा असतं, तेल असतं. तरीही बरणीला काही होत नाही आणि लोणच्यालाही काही होत नाही. हे काम माती करत नाही, मातीवर चढवलेला काचेचा पातळ थर करतो. मराठीत त्याला झिलई म्हणतात, आम्ही कुंभारकाम करणारे लोक रोजच्या बोलण्यात ग्लेझ म्हणतो. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा हा थर तुमच्या अन्नाला शिवतो. मातीशी अन्नाचा संबंध येतच नाही.

मी वडोदऱ्यात राहते आणि घराच्या मागच्या गॅलरीत ग्लेझ तयार करते. शिकायला येणारी मंडळी पहिल्यांदा विचारतात, "ताई, निळा कसा येतो? तो हिरवा कसा आणायचा?" रंगाचं मी सांगणारच आहे. पण आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे कशापासून बनलंय, आणि मी यातून माझ्या मुलाला दूध देईन का? तयार ग्लेझचा डबा आणला तर याचं उत्तर डब्यावर छापलेलं असतं, किंवा नसतं. स्वतः मिसळलं तर उत्तर आपल्या वहीत असतं. घरी ग्लेझ करण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं.

ग्लेझ म्हणजे काच. काच होते ती सिलिकापासून, म्हणजे आपल्या गारगोटीपासून. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या घासून ठिणग्या पाडायचो ना, तीच गारगोटी. पण शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. एवढी आपली भट्टी जात नाही, आणि गेली तर त्याआधी आपलं भांडंच बसेल. म्हणून दुसरी गोष्ट लागते, सिलिकाला लवकर वितळवणारी. तिला फ्लक्स म्हणतात. कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम, बोरॉन ही कामं करतात. आता वितळलेली काच उभ्या भांड्यावरून ओघळून खाली जाईल. तिला धरून ठेवायला तिसरी गोष्ट, ॲल्युमिना, आणि ती येते चिकणमातीतून. काच करणारा, वितळवणारा आणि धरून ठेवणारा असे हे तिघं. जगातलं कुठलंही ग्लेझ घ्या, या तिघांचा हिशेब जमला पाहिजे.

आता प्रत्यक्ष कृती. बर्नार्ड लीच नावाचा इंग्रज कुंभार होता. त्याने १९२० साली शोजी हमादा या जपानी कुंभाराबरोबर इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज या गावी कारखाना काढला. त्याच्या नावाने एक कृती जगभर चालते. लक्षात ठेवायला सोपी आहे: चार, तीन, दोन, एक. म्हणजे ४० ग्रॅम पोटॅश फेल्डस्पार, ३० ग्रॅम गारगोटीची पूड, २० ग्रॅम खडूची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि १० ग्रॅम चिनी माती. झाले १०० ग्रॅम. साधारण १२८० ते १३०० अंशांना याचं पारदर्शक, चकचकीत ग्लेझ होतं. वरच्या तिघांशी ताडून बघा. गारगोटी काच देते. खडू वितळवतो. चिनी माती धरून ठेवते. आणि फेल्डस्पार हा एकटाच थोडं थोडं तिन्ही काम करतो, म्हणून तो सगळ्यात जास्त.

फेल्डस्पार राजस्थानातून भरपूर येतो. खुर्जा, मोरबी अशा सिरॅमिकच्या गावांतले व्यापारी हे सगळं विकतात आणि आता कुरिअरनेही पाठवतात. मागवताना पोटॅश फेल्डस्पार की सोडा फेल्डस्पार, हे स्पष्ट सांगा. आणि नवीन पोतं आलं की जुन्या कृतीची एक चाचणी पुन्हा घ्या. खाणीतला माल आहे, दरवेळी तोच येईल असं नाही.

हे चारही पदार्थ पांढरी पूड आहेत. लेबल काढलं तर मलाही ओळखता येणार नाहीत. म्हणून लेबल डब्याच्या झाकणावर लावायचं नाही, डब्याच्या अंगावर लावायचं. झाकणं बदलतात.

स्वयंपाकात आपलं सगळं अंदाजपंचे चालतं. मीठ किती, तर चवीपुरतं. इथे ते चालत नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. आधी भांड्यात ९० मिलिलिटरच्या आसपास पाणी घ्या आणि पूड हळूहळू पाण्यावर सोडा. पुडीवर पाणी ओतलं तर धूळ उडते. रात्रभर भिजू द्या. सकाळी ढवळून ८० नंबरच्या जाळीतून दोनदा गाळा. दाटपणा पातळ सायीसारखा हवा. काट्यावरही बघता येतं: १०० मिलिलिटर ग्लेझचं वजन १४० ते १५० ग्रॅम भरलं की बहुतेक वेळा ठीक असतं. एकदा भाजलेलं, म्हणजे ९५० ते १००० अंशांचं बिस्क केलेलं भांडं ओल्या स्पंजने पुसून घ्या, तीन आकडे मोजेपर्यंत बुडवा आणि काढा. बूड आणि बुडापासून थोडी वरची कड स्वच्छ पुसा, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला चिकटेल. यातलं एकही भांडं, चमचा, गाळणी परत स्वयंपाकघरात न्यायची नाही.

इथे थोडं थांबून धुळीबद्दल बोलायचंय. वडोदऱ्याहून गोध्रा फार लांब नाही. त्या भागात गारगोटी दळण्याचे कारखाने होते. मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर तिथे कामाला यायचे. ती पूड श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसली. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा होत नाही. माणसं तरुण वयात गेली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. आपल्या पिशवीतली ३० ग्रॅम पूड ही त्याच जातीची पूड आहे. आपण महिन्यातून दोनदा चमचाभर हाताळतो, ते लोक दिवसभर तिच्यात उभे असायचे. दोन्हीची तुलना होऊ शकत नाही. पण पूड कुणीतरी दळली आहे, हे विसरून तिच्याशी निष्काळजीपणे वागणं मला जमत नाही.

म्हणून नियम साधे आहेत. सुकी पूड मोजताना तोंडाला नीट बसणारा एन-९५ मास्क लावायचा. कापडी रुमाल चालत नाही. पंखा बंद ठेवायचा. लहान मुलं आणि मांजर बाहेर. सांडलेली पूड केरसुणीने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं बादलीत धुवायचं. ती बादली दोन दिवस तशीच ठेवली की गाळ खाली बसतो. वरचं पाणी काढा, गाळ साठवा. मोरीत ओतू नका.

आता विषारी पदार्थांबद्दल. कमी तापमानाला झकास चकाकी देणारा जुना फ्लक्स म्हणजे शिसं. शिशाचं ऑक्साइड ९०० अंशांच्या आतच वितळतं, म्हणून शतकानुशतकं कुंभारांनी ते वापरलं. पारंपरिक शेंदूर हे शिशाचं तांबडं ऑक्साइड, आणि मुरदाडशिंग हेही शिशाचंच ऑक्साइड. जुन्या कृतींत ही नावं दिसली तर ती कृती बाजूला ठेवा. लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो अशा आंबट पदार्थांत हे शिसं उतरतं. मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय होतो आणि इतकं चालेल अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. बेरियम कार्बोनेट आणि कॅडमियमचे रंगही घरी आणू नका.

मग घरची विजेची भट्टी १२००-१२२० अंशांच्या पुढे जात नसेल तर काय? वर सांगितलेली चार-तीन-दोन-एक तिथे नीट वितळणार नाही. तिथे बोरॉन लागतो. टाकणखारात बोरॉन आहे, पण टाकणखार पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबर भांड्याच्या मातीत शिरतो. म्हणून तो इतर पदार्थांबरोबर आधीच वितळवून, काच करून, दळून विकतात. त्याला फ्रिट म्हणतात. फ्रिट घेताना त्याचं रासायनिक विश्लेषण मागा आणि त्यात शिसं नाही हे व्यापाऱ्याकडून लेखी घ्या. शिशाची फ्रिटही बाजारात असते आणि दिसायला तशीच पांढरी असते. लेखी द्यायला कुणी कां-कू केली तर दुसरीकडून घ्या.

आता रंग. पायाचं ग्लेझ जमलं की सहा छोट्या मातीच्या पट्ट्या घ्या, उभ्या राहतील अशा, म्हणजे ग्लेझ ओघळतं का तेही कळेल. ग्लेझमध्ये लोहाचं तांबडं ऑक्साइड घाला: पहिल्यात शून्य टक्के, मग दोन, चार, सहा, आठ, दहा. विजेच्या भट्टीत फिक्या पिवळसर छटेपासून मधासारख्या रंगापर्यंत आणि पुढे जवळजवळ काळ्या तपकिरीपर्यंत रांग उभी राहते. एका भट्टीत एकाच पदार्थाने तुम्हाला सहा रंग दाखवले. कोबाल्ट अर्धा टक्काही निळ्याला पुरतो. तांबं दोन टक्क्यांना हिरवं येतं, पण तांबं ग्लेझमधून आंबट पदार्थात उतरू शकतं. म्हणून माझा नियम असा: रंग बाहेरून, आतून फक्त साधं पारदर्शक ग्लेझ. कप बाहेरून कितीही नटवा, ओठ आणि चहा जिथे लागतो तिथे नट्टापट्टा नको.

भांडं तयार झालं की दोन चाचण्या घरी करा. ग्लेझवर लिंबाची फोड २४ तास ठेवा. काढल्यावर तिथे रंग उतरला, चकाकी गेली, डाग दिसला, तर त्यात जेवायचं नाही. दुसरी, भांडं फ्रिजरमध्ये रात्रभर ठेवून सिंकमध्ये त्यावर उकळतं पाणी ओता. केसासारखे बारीक तडे गेले तर माती आणि ग्लेझ यांचं गार होतानाचं आकुंचन जुळत नाही. पायाच्या ग्लेझमध्ये गारगोटी थोडी वाढवून बघा, बहुधा फरक पडतो. मात्र लिंबाची चाचणी पास झाली म्हणजे शिसं नाही, असा अर्थ काढू नका. विकणार असाल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. लोक आपल्यावर विश्वास ठेवून त्यात आमटी वाढतात.

एवढे सगळे नियम ऐकून कुणी घाबरलं असेल, तर शेवटचा भाग खास त्यांच्यासाठी. हे सगळं शिकल्यावर आजूबाजूला बघायची नजर बदलते. चुलीची राख घ्या. लाकडाच्या राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियम, म्हणजे फ्लक्स. भाताच्या तुसाची राख घ्या, ती बहुतांश सिलिका. एक झाला वितळवणारा, दुसरा काच करणारा! राख चाळून घ्या, हातमोजे घाला, कारण ओली राख हात भाजते. ४० भाग लाकडाची राख, ४० भाग फेल्डस्पार आणि २० भाग माती असं १२८० अंशांना भाजून बघा. चीनमध्ये हजारो वर्षांपूर्वी भट्टीतली उडती राख भांड्यांवर पडून आपोआप काच झाली, तिथूनच या ग्लेझची सुरुवात झाली.

आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी, किंवा सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी, काळ्या दगडाची बारीक पूड आणा. सह्याद्रीचा बेसाल्ट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहून थंड झालेला लाव्हारस. त्यात सिलिका आहे, ॲल्युमिना आहे, कॅल्शियम आहे, भरपूर लोह आहे, म्हणजे आपले तिघंही आहेत. तो १२०० अंशांच्या आसपास परत वितळायला लागतो आणि गडद तपकिरी, काळसर काच होते. पहिल्या वेळी पट्टीखाली मातीची बशी ठेवा, कारण तो ओघळू शकतो. मास्कचा नियम इथेही तोच. चेन्नईत असा किंवा चंडीगडला, गावच्या डोंगराचा रंग तुमच्या कपावर येतो, आणि त्या रंगात काय काय आहे हे तुम्हाला नेमकं माहीत असतं.

सुरुवात करायची असेल तर या महिन्यात एवढंच करा. एक वही, एक काटा, एक मास्क आणि चार पुड्या. १०० ग्रॅम ग्लेझ, सहा पट्ट्या. भट्टी नसेल तर जवळच्या स्टुडिओत विचारा, बरेच जण पैसे घेऊन भाजून देतात, पण तुमच्या ग्लेझमध्ये काय आहे ते त्यांना आधी सांगा. प्रत्येक पट्टीच्या मागे नंबर आणि वहीत त्याच नंबरासमोर कृती, तापमान, तारीख. ज्या पट्टीचा हिशेब वहीत नाही, तिचा रंग कितीही सुंदर आला तरी जेवणाच्या भांड्यावर तो लावू नका.

पट्ट्या भाजून झाल्या की कळवा.