मुलाखतीच्या फेऱ्या आणि आपली घरे
(मंडळाच्या गणेशोत्सवातील पालक-युवक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही राज्य सरकारच्या सेवेतले, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. आमच्या वेळी एक लेखी परीक्षा झाली, यादी लागली, कागदपत्रे तपासली गेली आणि ऑर्डर हाती आली. काचीगुडा, सुलतान बाजारकडच्या आपल्या अनेक घरांना नोकरीचा हाच रस्ता ठाऊक. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स सुरू झाला आणि पुढची पिढी हायटेक सिटीकडे वळली. सरकारात मुलाखती कमी होत गेल्या. केंद्राने तर १ जानेवारी २०१६ पासून क गटाच्या आणि ब गटातील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंदच केल्या. तिकडे मात्र त्या वाढल्या.

आमच्या पुतण्याच्या एका कंपनीत पाच फेऱ्या झाल्या. सात आठवडे लागले. त्याच्या परवानगीने सांगतो. आधी ऑनलाइन परीक्षा, ९० मिनिटांत दोन प्रश्न. मग फोनवर चाचपणी. मग तासातासाच्या दोन तांत्रिक मुलाखती, आणि शेवटी ‘तुम्ही माणूस म्हणून कसे’ हे पाहणारी फेरी. त्यानंतर तीन आठवडे काही नाही, आणि मग दोन ओळींचा नकार. कारण दिले नाही.

या फेऱ्यांत नेमके काय पाहतात? एक नेहमीचा प्रश्न घ्या. हजार आकडे दिले आहेत. कोणत्या दोघांची बेरीज १०० होते? सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक आकडा प्रत्येकाशी जुळवून पाहणे. त्यात जवळजवळ पाच लाख जोड्या तपासाव्या लागतात. दुसरा मार्ग असा, की पुढे जाताना पाहिलेले आकडे वहीत टिपून ठेवायचे. समोर ३५ आला की ६५ आधी येऊन गेला का, एवढेच बघायचे. मग एकाच फेरीत, हजार आकड्यांत काम होते. मुलाखत घेणाऱ्याला उत्तर तर हवेच असते, पण पहिल्या मार्गावरून दुसऱ्यावर तुम्ही कसे आलात, तेही त्याला ऐकायचे असते.

आपली मुले अडतात ती इथे. आपल्या घरांत शिकवण अशी की पक्के माहीत असेल तरच बोल, नाहीतर गप्प बस. पुतण्या दहा मिनिटे कागदावर मान घालून बसला. डोक्यात बरोबर चालले होते, पण समोरच्याला ते कसे कळावे? त्यात घरी मराठी, गल्लीत तेलुगू-हिंदी आणि मुलाखतीत इंग्रजी. म्हणून आम्ही घरात एक रीत सुरू केली. सोडवलेला प्रश्न आधी आजीला मराठीत समजावून सांगायचा. आजी मध्येच “हे का रे?” विचारते, तेव्हा उत्तर द्यावेच लागते. मग तेच इंग्रजीत सांगायचे. याला पैसे लागत नाहीत, क्लास लागत नाही.

फेऱ्या जास्त म्हणजे निवड अचूक, असेही नाही. गूगलमध्ये एके काळी एकेका उमेदवाराच्या डझनभर मुलाखती होत. त्यांनीच नोंदी तपासल्या, तेव्हा चौथ्या मुलाखतीनंतर निर्णयात फारशी भर पडत नाही असे दिसले. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असली कोडी वेळ वाया घालवणारी आहेत, हे त्यांचे मनुष्यबळप्रमुख लॅझलो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे मान्य केले. ॲमेझॉनमध्ये ‘बार रेझर’ म्हणून दुसऱ्या विभागाचा एक माणूस बसतो आणि त्याचा नकार निर्णायक ठरू शकतो. चुकीचा माणूस आत येण्यापेक्षा एखादा चांगला बाहेर राहिला तरी चालेल, असा अशा ठिकाणचा हिशेब असतो. मग नकार आला म्हणजे मूल नालायक, हा अर्थ आपण कुठून काढतो?

आमच्या खात्यातल्या परीक्षेत नापास झालेला उमेदवार माहितीच्या अधिकारात गुण मागू शकतो. खाजगी कंपनीकडे तसे मागता येत नाही. ना यादी, ना गुण. ती रिकामी जागा मग नातेवाईक भरतात. “काय झालं? अजून नाही?” असे रोजचे फोन. गेल्या वर्षी याच प्रश्नाच्या धास्तीने पुतण्या आरतीलाही आला नाही. मंडपापासून दहा मिनिटांवर घर, आणि मुलगा दार लावून बसलेला. मंडळींनो, हे आपल्यासाठी बरे नाही.

म्हणून विनंती एवढीच. त्या आठवड्यांत निकाल विचारू नका. जेवलास का, ते विचारा. तोंडी होकारावर पेढे वाटू नका आणि लेखी पत्र हाती येईपर्यंत जुनी नोकरी सोडू देऊ नका. नोकरीसाठी कोणी अनामत मागितली, तर ती फसवणूक समजा. नकार आला तरी बऱ्याच कंपन्यांत सहा महिने-वर्षाने पुन्हा अर्ज करता येतो.

आपल्यातले जे या कंपन्यांत आहेत त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. मंडळाच्या सभागृहात सरावाच्या मुलाखती घेऊ; चहाची सोय आम्ही करू. पुतण्याची तयारी अजून चालू आहे. यंदा तो आरतीला येतो आहे, आणि सरावाला पहिले नाव त्याचेच आहे.

गणपती बाप्पा मोरया!