जन्मगांव आणि आजोळ

थोर पुरुषाच्या चरित्राचें पहिलें वाक्य बहुधा त्याच्या जन्मगांवाविषयीं असतें. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील राजकारणी पुरुषांच्या बाबतींत मात्र हें वाक्य दिसतें तितकें सोपें नाहीं.

याचीं कारणें दोन. बाळंतपणासाठीं लेकीनें माहेरीं जावें, ही आपल्याकडील जुनी रीत. त्यामुळें मूल जन्मतें आजोळीं आणि गांव सांगतें वडिलांचें. दुसरें कारण सरकारी आहे. १ ऑगस्ट १९४९ रोजीं सातारा जिल्ह्यांतून दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला. २१ नोव्हेंबर १९६० रोजीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें.

महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचेंच उदाहरण घ्यावें. घराणें विट्याचें, शिक्षण कऱ्हाडचें. पण जन्म १२ मार्च १९१३ रोजीं देवराष्ट्रे येथें, आजोळीं झाला. विटें आणि देवराष्ट्रे हीं गांवें आज सांगलींत मोडतात, कऱ्हाड साताऱ्यांत. दोन्ही जिल्हे त्यांना आपले म्हणतात, आणि दोघांचेंही म्हणणें खरें आहे.

त्यांच्या जन्मसमयीं आई विठाबाई अत्यवस्थ झाल्या. आजीनें जवळच्या सागरेश्वराला साकडें घातलें. लेक वांचली, देवानें यश दिलें, म्हणून नातवाचें नांव यशवंत ठेविलें. ही हकीकत 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रांत त्यांनीं स्वतः नमूद केली आहे. पुढें वडिलांचें छत्र लवकरच हरपलें आणि विठाबाईंनीं मुलांना हलाखींत वाढविलें.

प्रतिसरकारचे अग्रणी क्रांतिसिंह नाना पाटील यांचें गांव येडेमच्छिंद्र. २४ जुलै १९४३ रोजीं सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेले वसंतदादा पाटील पद्माळ्याचे. एक पुढें लोकसभेंत गेले, दुसरे १९७७ सालीं मुख्यमंत्री झाले. या पुरुषांच्या मागें राजवाडे नव्हते. शेतकऱ्यांचीं साधीं घरें होतीं.

देवराष्ट्र्याचें जन्मघर आज स्मारक म्हणून जतन केलेलें आहे. तें पाहण्यास जाणाऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फलकावर नांव पुत्राचें असलें, तरी तें घर मुळांत एका स्त्रीचें माहेर आहे. आपलीं चरित्रें पित्याच्या वंशावळीनें आरंभ होतात. जन्मगांवाचें नांव तेवढें मातेच्या कुळाची आठवण राखतें. आतां प्रसूति रुग्णालयांत होतात, आणि ही आठवणहि पुसट होऊं लागली आहे. म्हणून घराण्याचा वृत्तांत लिहून ठेवणारांनीं वडिलांच्या गांवाशेजारीं आजोळाचें नांवही अवश्य लिहावें. आणि तें सांगणारी आजी घरांत आहे तोंवरच लिहावें.