मोतीबिंदू परत येतो काय?



आम्हां नेत्रवैद्यांना एक तक्रार वारंवार ऐकावी लागते. 'भिंग बसवले, दोन वर्षे लख्ख दिसले, आता मोतीबिंदू पुन्हा आला!' मोतीबिंदू पुन्हा येत नाही. मग येते ते काय?

डोळ्यातील भिंग एका पारदर्शक पिशवीत असते. पिशवीचे तोंड गोल उघडून आम्ही गढूळ गर काढतो आणि तीतच कृत्रिम भिंग ठेवतो. तिची मागची भिंत मधोमध मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतकीच जाड! पण कडेच्या खाचेत काही जिवंत पेशी उरतातच. कितीही धुतले तरी साऱ्या निघत नाहीत. त्या वाढत मागच्या भिंतीवर सरकतात आणि दुधावर साय धरावी तशी भिंत धुरकटते. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले. ही साय त्याहूनही जुनी आहे.

तिला अडवायचे कसे? भिंगाची मागची कड गोल न ठेवता काटकोनी केली, की पिशवी तिथे मुडपते आणि पेशींची वाट अडते. या गुणाचे श्रेय आधी भिंगाच्या द्रव्याला मिळत होते. खरी करामत कडेची, हे जपानच्या निशी यांच्या प्रयोगांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवले. पिशवीचे तोंडही भिंगापेक्षा किंचित लहान ठेवावे, म्हणजे तिची कड भिंगावर सर्व बाजूंनी बसते. एवढे करूनही साय लांबते, टळतेच असे नाही. लहान मुलांत तर ती हटकून धरते, आणि धुरकट डोळा पाहायला शिकतच नाही. म्हणून त्यांची मागची भिंत बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळीच उघडतात.

मोठ्यांसाठी उपाय सोपा आहे. याग लेसरच्या किरणाने भिंतीच्या मध्यभागी झरोका पाडायचा. टाका नाही, सुरी नाही, काम काही मिनिटांचे. अर्थात आधी दृष्टिपटल तपासले पाहिजे. प्रत्येक अंधुकपणा सायीचा नसतो. नंतर डोळ्याचा दाब पाहावा लागतो, आणि क्वचित दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही असतो.

आमच्याकडे एक आजी आल्या होत्या. शस्त्रक्रिया आम्हीच केलेली. साय धरू शकते हे त्यांना सांगायचे राहिले, ती चूक आमची. कर्मभोग समजून त्या तीन वर्षे गप्प बसल्या. लेसर झाल्यावर आठवड्याने आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, तीन वर्षे तांदूळ सून निवडत होती. खडे मी चावत होते."