झाडं कुठं लावायची, ते आधी ठरवू
(ग्रामसंघाच्या बैठकीत केलेलं बोलणं)



पावसाच्या आधी रोपं मागवायची असं मागच्या बैठकीत ठरलं. मी यादी करायला बसले, पण मागच्या वेळची किती रोपं जगली ते आठवलं अन् हात थांबला. राज्यात २०१९ ला ३३ कोटी झाडांची मोहीम झाली होती. रोप लावल्याचा फोटो सगळ्यांकडं असतो, दुसऱ्या उन्हाळ्यातला कुणाकडंच नसतो. म्हणून आज रोपांच्या आधी मातीचं बोलू.

माहूरच्या उतारावर माती वीतभर, खाली मुरूम आणि खडक. जोराचा पाऊस आला की पाणी नाल्यातून पैनगंगेला जातं आणि आपली माती सोबत नेतं. मुळं माती धरतात, पण पाण्याला हळू करतो तो झाडाखालचा पाचोळा. तो कुजला की माती भुसभुशीत होते, पाणी मुरतं. नुसता साग असला आणि खाली जमीन उघडी असली, तर त्याच्या रुंद पानांवरून मोठाले थेंब पडतात आणि माती उलट उखडते. आता राग मानू नका, पण मोहफुलं वेचायला आपण खालचा पाला जाळतो. फूल दिसलं पाहिजे, विंचूकाट्याची भीती असते, कबूल. पण पाला बाजूला ओढून जुन्या साड्या अंथरल्या तरी फुलं गोळा होतात. पाला वाचतो, उगवलेली रोपटीही वाचतात, आणि ती फुकटची असतात.

झाड लावलं की विहिरीचं पाणी वाढतंच, असंही नाही. झाड पाणी पितंसुद्धा. विहिरीजवळ निलगिरी तर नकोच. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं झाडं लावली, पण सोबत चर खोदले, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली, शेतीसाठी बोअर बंद केले आणि पाण्याचा हिशोब मांडून पिकं घेतली. नुसत्या झाडांनी ते झालं नसतं.

खाली सखल काळ्या रानात गोष्ट वेगळी. तिथं सारखं पाणी दिलं आणि निचरा नसला, की खालचं पाणी वर चढतं. ऊन पाणी उडवतं, मीठ वर राहतं. पांढरा थर दिसतो तो हाच. पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हासाठी खोल मुळांची जंगलं तोडली, तेव्हा असंच खारं पाणी वर येऊन लाखो एकर जमीन नासली. तिथं आता पुन्हा झाडं लावतात, कारण खोल मुळं ते पाणी ओढून खाली ठेवतात. पण झाड मीठ खात नाही. आपल्या खारवट तुकड्याला आधी निचऱ्याची चारी आणि माती परीक्षण लागेल, मग बांधावर करंज, बाभूळ.

तर यादी अशी करू. उतारावर आधी समतल चर, मग मोह, चारोळी, बेहडा, सीताफळ, बांबू. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपला तुकडा फिरून बघा आणि दोन गोष्टी सांगा: शेळ्या कुठून शिरतात, आणि दोन उन्हाळे पाणी कोण घालणार. त्या बाईचं नाव मिळालं की तेवढीच रोपं मी लिहीन.